फिलिपिनो सून नाताळाला गावी येत आहे : स्वयंपाक, वाचन आणि सणाविषयी विचारणा

प्रश्न : ‘मुनग्याखालची शाळा’

सर्व सभासदांना नमस्कार. मी वरोरा तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझा धाकटा मुलगा दुबईत नोकरीला असून गेल्या वर्षी त्याने तिथेच परिचारिका असलेल्या एका फिलिपिनो मुलीशी लग्न केले. आमची सून मनिलाच्या दक्षिणेला असलेल्या लगुना प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरातली आहे आणि तिचे वडील आजही धान लावतात, एवढे मला मुलाकडून कळले आहे. दोघेही २० डिसेंबरला पंधरा दिवसांसाठी गावी येत आहेत. म्हणजे नाताळ आणि नवे वर्ष हे तिचे दोन्ही सण लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी होणार, आणि नेमकी तेव्हाच कापूस वेचणी जोरात असल्यामुळे मदतीला गावात एकही हात मोकळा नसणार.

माझ्या अडचणी तीन आहेत. यजमान माळकरी असल्याने आमच्या स्वयंपाकघरात मांस-मासळी तर नाहीच, अंडेही येत नाही. आणि सून फोनवर माहेरच्या सणाचे जे फोटो दाखवते त्यांत मधोमध अख्खे भाजलेले डुक्कर असते. दुसरी अडचण वाचनाची. आमचे अकरा बायकांचे वाचन मंडळ शनिवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर बसते. ती येण्याआधी तिच्या देशातले काहीतरी वाचावे असे आम्ही ठरवले आहे, कारण ‘तिकडे साप खातात का हो?’ असा प्रश्न मंडळात एकदा विचारून झालेला आहे आणि तो तिच्यासमोर पुन्हा विचारला जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

तिसरी गोष्ट लिहिताना थोडा संकोच वाटतो. गेल्या मार्चमध्ये ती चार दिवसांसाठी आली तेव्हा दारात पाऊल ठेवताच तिने यजमानांचा उजवा हात हातात घेतला आणि वाकून स्वतःच्या कपाळाकडे नेला. यजमान दचकले आणि त्यांनी हात मागे ओढून घेतला. ती काहीच बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून लांबूनच नमस्कार करू लागली. तो काय प्रकार होता, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर १ : ‘दवाओची डॉक्टरीण’

ताई, मी भंडारा जिल्ह्यातली. वैद्यकीय शिक्षणासाठी मी फिलिपिन्सच्या दवाओ शहरात काही वर्षे काढली, आणि तीही शाकाहारी राहून, त्यामुळे तुमच्या पहिल्या अडचणीवर मला अधिकाराने बोलता येईल असे वाटते.

पहिली सूचना स्वयंपाकाची नाही. सून कोणत्या पंथाची आहे हे आधी विचारून घ्या. त्या देशात बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत हे खरे, पण दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर मुसलमानांची मोठी वस्ती आहे, आणि ‘इग्लेसिया नी क्रिस्तो’ हा तिथलाच ख्रिस्ती पंथ नाताळ पाळत नाही. माझ्या एका वर्गमैत्रिणीला मी उत्साहाने शुभेच्छापत्र दिले आणि मग दोघीही अवघडून बसलो, म्हणून सांगते.

ती कॅथलिक असेल, तर तिच्या मनात नाताळ सप्टेंबरातच सुरू झालेला असेल. इंग्रजीत ज्या महिन्यांच्या नावाचा शेवट ‘बर’ असा होतो ते चारही महिने तिथे नाताळाचेच धरतात, आणि बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेले चांदणीच्या आकाराचे कंदील, ज्यांना ‘पारोल’ म्हणतात, घरोघरी लागतात. आपला दिवाळीचा आकाशकंदील काढून ठेवला नसेल तर तोच राहू द्या. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे चर्चमध्ये प्रार्थना असते. ऊन चढण्याआधी शेतकऱ्यांना शेतावर जाता यावे म्हणून ती वेळ पडली असे सांगतात. आपल्याकडच्या कार्तिकातल्या काकड्याची आठवण मला तिथे दरवर्षी यायची. प्रार्थना संपली की चर्चच्या दारात तांदळाचे गरम पदार्थ विकायला असतात, आणि माझ्या मते तुमचे उत्तर मधोमध ठेवलेल्या डुकरात नसून त्या दारातल्या टोपलीत आहे.

त्यातला ‘बिबिंका’ तुमच्या चुलीवर सहज होईल. तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये ओलेच वाटायचे, त्यात नारळाचे दूध आणि गूळ किंवा साखर घालून धिरड्याच्या पिठाहून किंचित घट्ट करायचे. तिकडे अंडे घालतात. तुम्ही ते वगळा आणि थोडा खाण्याचा सोडा घाला, पोत जरा दाट येईल इतकेच. केळीचे पान विस्तवावर फिरवून मऊ करायचे, ते मातीच्या पसरट भांड्यात अंथरायचे, त्यावर पीठ ओतायचे, आणि खाली निखारे ठेवून झाकणावरही निखारे ठेवायचे. वरून-खालून धग हेच त्याचे मर्म आहे. पान कडेने काळसर झाले आणि घरभर त्याचा वास सुटला की उतरवून वर ओले खोबरे पसरायचे.

रोजच्या जेवणासाठी तर तुम्हाला काहीच शिकावे लागणार नाही. मूग शिजवून लसूण, कांदा, टमाटर यांची फोडणी देतात आणि शेवटी त्यात मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला घालतात. तिकडे मुनग्याला ‘मालुंगाय’ म्हणतात, म्हणजे नावही कानाला सख्खेच लागते. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य असल्यामुळे मूग हे अनेक घरांत शुक्रवारचे जेवण झाले आहे. त्यात अनेक जण मासळी किंवा मांसाचा तुकडा टाकतात, पण नुसते मूगही तिला परके वाटणार नाहीत. चिंचेच्या आंबट पाण्यात मुळा, वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा शिजवल्या की ‘सिनिगांग’ होते. त्यात तिखट आणि गूळ घालून त्याची आमटी करू नका; आपला हात तिकडेच वळतो, पण त्यांना ती आंबट चव निखळ हवी असते. ‘अदोबो’ म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, मिरे आणि तमालपत्र यांत शिजवणे. ते मांसाचेच असले पाहिजे असे नाही, चवळीच्या शेंगांचे अदोबो तिथेही होते.

एक मात्र करू नका. ‘बिको’ नावाचा तिकडचा गोड भात चिकट जातीच्या तांदळाचा असतो. मी हौसेने आपल्या चिन्नोर तांदळाचा करून पाहिला. वास अप्रतिम आला आणि बाकी सगळा खिचका झाला.

उत्तर २ : ‘खारे पाणी’

मी अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातला असून व्यापारी जहाजावर यंत्र विभागात काम करतो. जगातल्या कोणत्याही जहाजावर चढा, फिलिपिनो खलाशी भेटल्याशिवाय राहत नाही, आणि माझी निम्मी नोकरी त्यांच्याच पंगतीला गेली आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

ताई, तुमच्या सुनेने केले त्याला ‘मानो’ म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ हात. धाकट्याने ‘मानो पो’ म्हणायचे, वडीलधाऱ्याचा हात घेऊन आपल्या कपाळाला टेकवायचा, आणि वडीलधाऱ्याने देवाची कृपा असो अशा अर्थाचे दोन शब्द बोलायचे. त्यातला ‘पो’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा शब्द आहे. थोडक्यात, ती सासऱ्यांच्या पाया पडत होती, आणि पाया पडणाऱ्या सुनेसमोरून पाय मागे घेतल्यावर आपल्याकडे जे वाटेल तेच तिला वाटले असणार. यजमानांना सांगा की यावेळी हात थोडा पुढे करून सैल सोडायचा आणि ‘सुखी राहा’ म्हणायचे. भाषा कोणतीही चालते.

दुसरे असे की ‘जेवण झालं का?’ हा आपल्याकडचा नमस्काराऐवजीचा प्रश्न त्यांच्याकडेही तसाच आहे, आणि कोणी खात असताना दुसरा आला तर ‘या, खाऊ या’ असे म्हटल्याशिवाय घास पुढे जात नाही. पाहुणा निघाला की उरलेले अन्न बांधून देतात. प्रवासाहून येणाऱ्याने घरच्यांसाठी काहीतरी आणायचेच असते, त्याला ‘पासालुबोंग’ म्हणतात. तेव्हा तिच्या बॅगेतून गावातल्या प्रत्येकासाठी काही ना काही निघाले तर ‘कशाला एवढा खर्च केलास’ असे म्हणू नका. ती जेवताना उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरेल, सुरी मागणार नाही, आणि हाताने जेवायला बसवले तरी बिचकणार नाही, कारण केळीच्या पानावर हाताने जेवणे त्यांच्यातही आहे.

एक गंमत सांगून थांबतो. मोठ्या बहिणीला ते ‘आते’ म्हणतात. तिने तुमच्या मोठ्या मुलीला ‘आते’ अशी हाक मारली तर नाते चुकले असे समजू नका.

उत्तर ३ : ‘जुनी जिल्द’

मी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि वाचनाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फिलिपिनो वाचन म्हटले की होजे रिझाल यांना ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि तुमच्या घरी तर नाहीच, कारण ते लगुनातल्याच कलांबा गावचे. जन्म १८६१, पेशाने नेत्रवैद्य. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी ‘नोली मे तांगेरे’ ही स्पॅनिश भाषेतली कादंबरी छापली, १८९१ मध्ये तिचा पुढचा भाग आला, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सत्तेने मनिलात त्यांना गोळ्या घातल्या. हा दिवस तिकडे राष्ट्रीय सुट्टीचा असतो आणि तो तुमच्या सुनेच्या मुक्कामातच येतो आहे. १९५६ च्या कायद्याने त्यांचे लेखन शिक्षणक्रमात सक्तीचे झाले, त्यामुळे तुमच्या सुनेने ही कादंबरी शाळेत वाचलेली असणार, बहुधा आपली मुले सक्तीचे पुस्तक जशी वाचतात तशीच.

साठांहून अधिक प्रकरणांची ही कादंबरी अकरा बायकांनी डिसेंबरपूर्वी पूर्ण वाचावी असा आग्रह मी धरणार नाही. हॅरॉल्ड ऑगेनब्राम यांचा इंग्रजी अनुवाद मागवा आणि मंडळात कोणीतरी मराठीत सांगत सांगत आरंभीची मेजवानी तेवढी वाचा. एका धनिकाच्या घरी पंगत बसते, कोंबडी आणि दुधीभोपळ्याचे ‘तिनोला’ वाढले जाते, आणि दामासो नावाच्या बड्या पाद्रीबाबांच्या ताटात नेमकी मान आणि चिवट पंख येतात. बाबांचा राग वाढत जातो, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाची चाहूल त्या ताटात लागते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने मानकऱ्याला वगळल्यावर काय होते हे आपल्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. पुढे आणखी एका पाद्र्याची कथा आहे, तीही मला फार आवडते : पाहुणा आला की तो नोकराला चॉकलेट करायला सांगतो, पण वाक्याच्या शेवटी ‘ए’ म्हटले तर दाट करायचे आणि ‘आ’ म्हटले तर पाणीदार. ‘आ’ ऐकू आला की पाहुण्याने टोपी उचलून निघावे. आपल्याकडे ‘चहा टाक गं’ हे वाक्य किती सुरांत म्हणता येते ते आठवून पाहा.

शेतकऱ्याच्या घराची गोष्ट हवी असेल तर एफ. सायोनिल होजे (१९२४–२०२२) यांच्या पाच कादंबऱ्यांच्या रोसालेस मालिकेतली ‘पो-ओन’ घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडच्या इलोकोस भागातले एक कुटुंब सत्तेच्या रोषामुळे गाव सोडून बैलगाड्यांनी दक्षिणेकडे निघते, एवढी कथा सांगितली तरी पुरे. जमीन, कूळ, जमीनदार हे शब्द ज्यांच्या आजीच्या तोंडी होते त्यांना ती इंग्रजीतूनही कळेल. जेवणावरच वाचायचे असेल तर दोरीन फर्नांदेझ यांचे निबंध पाहा. अदोबोपेक्षा आंबट सिनिगांग हीच फिलिपिनो जिभेची खरी ओळख आहे असे त्यांनी मांडले आहे, आणि वर डॉक्टरीणबाईंनी गूळ घालू नका असे जे बजावले त्याचे समर्थन तुम्हाला तिथे सापडेल.

लहान मुलांसाठी माकड आणि कासवाची गोष्ट सांगा. दोघांना केळीचे एक झाड मिळते आणि दोघेही ते अर्धे अर्धे वाटून घेतात. माकड हिरव्यागार पानांचा शेंडा घेते, कासवाच्या वाट्याला मुळांकडचा बुंधा येतो. कोणाचे झाड जगले हे आपल्या मुलांना लगेच कळेल, पण कासवाला झाडावर चढता येत नाही आणि तिथून गोष्ट रंगते. ही लोककथा रिझाल यांनीच इंग्रजीत लिहून १८८९ च्या जुलै महिन्यात लंडनच्या एका नियतकालिकात छापली होती, आणि त्याची आठवण म्हणून तिकडे जुलैतला तिसरा मंगळवार बालसाहित्याचा दिवस मानतात.

सुनेशी बोलायला विषय हवा असेल तर तो तुमच्या तालुक्यातच आहे. रॅमन मॅगसेसे हे तिच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष, १९५७ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाचे पुरस्कार १९५८ पासून दिले जाऊ लागले आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत पवनारचे विनोबा होते. १९८५ मध्ये तो बाबा आमटे यांना आणि २००८ मध्ये डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना मिळाला. तिला आनंदवनात घेऊन जा.

उत्तर ४ : ‘धानपट्टा’

मी गोंदियाकडचा शेतकरी. सर्वांचा मान राखून थोडा वेगळा सूर लावतो. सासरी आलेल्या मुलीला माहेरच्या पदार्थाची नक्कल खाऊ घातली की तिला आधी माहेरची आठवण येते आणि मग नक्कल कुठे चुकली ते कळते. तिला सोलेभात, वांग्याचे भरीत आणि वडाभात द्या. भात कसाही केला तरी ती जेवेल. त्यांच्याकडे धानाला ‘पालाय’, तांदळाला ‘बिगास’ आणि शिजलेल्या भाताला ‘कानिन’ असे तीन निराळे शब्द आहेत, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीत तिन्हींना मिळून एकच शब्द आहे, यावरून कोण कोणाच्या जवळचे ते ठरवा.

सुनेच्या वडिलांशी मात्र फोनवर जरूर बोला. १९६० मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था त्यांच्याच लगुना प्रांतात, लोस बान्योस इथे आहे. १९६६ मध्ये तिथून निघालेले आयआर ८ हे बुटके वाण आमच्या वडिलांनी लावले होते, आणि नंतर आयआर ६४ मी स्वतः लावले. दोन व्याह्यांना बोलायला याहून चांगला विषय मिळणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : ‘मुनग्याखालची शाळा’

सर्वांचे मनापासून आभार. सून कॅथलिकच आहे, मुलाला विचारून खात्री केली. २४ तारखेच्या मध्यरात्री घरचे सगळे एकत्र बसून जेवतात, त्याला ‘नोचे ब्वेना’ म्हणतात, आणि आम्ही जागलो नाही तरी चालेल असे तिने कळवले आहे. आम्ही जागणार आहोत. त्या रात्री मुगाचे वरण, भात, सिनिगांग आणि बिबिंका असा बेत ठरला आहे, आणि धानपट्टा यांच्या म्हणण्याला मान देऊन दुसऱ्या दिवशी सोलेभात आणि भरीत.

काल बिबिंका करून पाहिला. केळीचे पान गावात मिळाले नाही, ते वरोऱ्याहून आणले. माझ्या उत्साहाने झाकणावर निखारे जास्त पडले. पान जळले, वरून खरपूस झाले आणि मधला भाग ओला राहिला. दुसऱ्या खेपेला वर मूठभरच निखारे ठेवले आणि ते मधोमध न ठेवता कडेने पसरले, तेव्हा नीट झाला. यजमानांनी दोन तुकडे खाल्ले आणि हे तर आपले ढोकळ्याचे भावंड दिसते, असा अभिप्राय दिला. त्यांना मानोचा अर्थ सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “मार्चमध्येच कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं.”

नव्या वर्षाच्या रात्री बारा प्रकारची गोल फळे मांडतात असेही सुनेने सांगितले. आमची मोजणी अशी : संत्रे, मोसंबी, पेरू, बोर, आवळा, डाळिंब, चिकू, सफरचंद, लिंबू, कवठ, बेल. अकरा झाली. द्राक्षे धरावीत की नाही यावर वाचन मंडळात मतभेद आहेत.

डॉक्टरीणबाईंना एक विचारायचे राहिले. आमच्या मुनग्याची पाने थंडीत गळतात आणि डिसेंबरच्या अखेरीस झाड जवळजवळ उघडे पडते. आताच पाला वाळवून ठेवला तर मुगात चालेल का?

उत्तर ५ : ‘दवाओची डॉक्टरीण’

चालेल. उन्हात वाळवू नका, घरात सावलीला कापडावर पसरा, म्हणजे रंग हिरवा राहतो. डब्यात भरताना देठ काढून टाका आणि मूग पूर्ण शिजल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत टाका. द्राक्षे धरतात.